चार श्लोकांचे मिनिट

डॉ. नीळकंठ यांच्या स्वभावात संताप मुळातला नव्हता. चोवीस वर्षांच्या व्यवसायाने तो थेंबाथेंबाने साचवलेला होता. ते भूलतज्ज्ञ. आज मेहकर, उद्या चिखली, परवा देऊळगाव राजा, असे त्यांचे फिरणे चाले. रोगी बरा झाला की शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या नावाने नवस फेडले जात. भूल कोणी दिली असे विचारले, तर नातलग एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. त्याचे त्यांना यत्किंचितही वैषम्य नव्हते. देवळाच्या पायाला कोणी नमस्कार करीत नाही, म्हणून पाया काही रुसत नाही. वैषम्य एकाच गोष्टीचे होते. त्यांना कोणी एक मिनिट देत नसे.

ते मिनिट असे. मूल झोपी गेले की श्वासनलिकेत नळी घालण्यापूर्वी शरीराचे स्नायू सैल करणारे एक औषध शिरेतून द्यावे लागते. औषध मोठे गुणी, पण शिरेला विलक्षण झोंबणारे. मूल गाढ झोपेत असले तरी ते आत शिरताच हात असा आखडून घेते, की जणू निखाऱ्यावर पडला. कधी सुई निसटते, कधी शीर फुगते आणि मग दुसरी शीर शोधताना सर्वांचीच तारांबळ उडते. यावरचा इलाज साधा आहे. कोपराच्या वर रबरी पट्टा आवळायचा, शीर बधिर करणारे थोडेसे औषध आधी सोडायचे आणि मिनिटभर थांबायचे. शेताला बांध घातला म्हणजे पाणी वाहून न जाता मुरते, तसे ते औषध जागच्या जागी मुरते. मग पट्टा सोडायचा आणि ते झोंबरे औषध पातळ करून सावकाश द्यायचे.

इतकेच. परंतु ज्या मुलुखात लग्नाचा मुहूर्त दोन तास टळला तरी कोणाला घाम फुटत नाही, त्याच मुलुखात शस्त्रक्रियागृहाचे दार लागले की एक मिनिट सर्वांना डोंगराएवढे होई. "मूल झोपलंय हो, त्याला काय कळतंय!" हे वाक्य डॉ. नीळकंठ यांनी इतक्या तोंडांतून ऐकले होते, की ते ऐकू येण्याआधीच त्यांच्या कपाळाची शीर उठे.

मिनिट मोजायचे तरी कसे, हाही प्रश्नच होता. मुलाच्या चेहऱ्यावरचा मास्क दोन्ही हातांनी धरलेला, आणि भिंतीवरचे घड्याळ नेमके पाठीमागे. कोणाला विचारावे, तर विसाव्या सेकंदालाच "झालं सर" असे उत्तर येई. म्हणून वडिलांनी बालपणी मांडीवर बसवून पाठ करून घेतलेले चार श्लोक ते ओठांतल्या ओठांत, पण स्वच्छ उच्चार राखून म्हणत. चौथ्या श्लोकाच्या शेवटच्या चरणाला मिनिट पुरे होई. घड्याळाशी त्यांनी ते अनेकदा ताडून पाहिले होते. देऊळगाव राजातल्या धर्मादाय रुग्णालयातील सिस्टर जयमाला आठ वर्षे त्यांच्यासोबत काम करीत होती. तिला ते श्लोक येत नव्हते. परंतु डॉक्टरांच्या तोंडावरचे हिरवे फडके हलायचे थांबले, की ती न सांगता पट्टा सोडी आणि पुढचे औषध देई. दोघांना शब्दाची गरजच उरली नव्हती.

त्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता ते रुग्णालयात पोहोचले, तेव्हा पहिल्याच खाटेवर जानेफळचा प्रेम बसलेला होता. वय वर्षे आठ. दोन दिवाळ्यांमागे उजव्या हातात अनार फुटला आणि बोटे तळहाताकडे ओढली जाऊन, न उमललेल्या कळीसारखी चिकटून बसली. परगावी दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. आज मधली दोन बोटे सुटायची होती आणि सहा महिन्यांनी अंगठा. अंगठा राहून गेला, तर बाकीची बोटे सुटूनही पेन धरायचे कशाने? शेजारी त्याची आजी गोजरबाई, आणि दाराशी बाप निवृत्ती, दहा प्रश्नांना मिळून एक उत्तर देणारा.

"काही खाल्लं का याने सकाळपासून?" डॉ. नीळकंठ यांनी विचारले.

"नाई बाप्पा!" गोजरबाईंनी दोन्ही हात जोडले. "पाण्याचा घोटबी नाई देल्ला. तुम्ही सांगतलं तसंच केलं. फक्त परसाद देल्ला."

"प्रसाद?"

"बालाजीचा. एवढ्या दूर आलो, तं दर्शनाले नेलं म्या त्याले. एक पेढा. अर्धा त्याच्या बापाले ठेवा म्हणलं होतं, पण त्यानं अख्खाच टाकला तोंडात. उपाशी होता ना लेकरू!"

"आजी, काहीही देऊ नका, असं चार वेळा सांगितलं होतं."

"मंग काई देल्लंच नाई ना! परसादाले कोणी खाणं म्हणते काय? तुम्हीच सांगा, तुम्ही म्हणता काय?"

डॉ. नीळकंठ यांची पंचाईत झाली. देऊळगावात आले की बालाजीच्या पायरीला हात लावल्यावाचून त्यांनी कधी कामाला आरंभ केला नव्हता. प्रसादाला अन्न म्हणावे, तर जन्मभराच्या श्रद्धेला खोच बसते. म्हणू नये, तर भुलेत उलटी होऊन तोच पेढा मुलाच्या फुप्फुसात उतरतो. त्यांनी डोळे मिटले, मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि विचारले, "किती वाजता?"

"साडेआठले."

"म्हणजे अडीच वाजेपर्यंत थांबायचं."

ही वार्ता डॉ. राजकुमार यांना सांगणे प्राप्त होते. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी ते हातांच्या शस्त्रक्रियांसाठी जालन्याहून येत. वयाने पुष्कळ लहान. बोटांत साक्षात विश्वकर्मा, जिभेवर मात्र शनी.

"सहा तास! एका पेढ्यापायी?" ते उसळले. "गुरुजी, तुमच्या हातून एक दिवस सरळ गेला तर शपथ!"

"माझ्या हातून? पेढा मी दिला?"

"बरं, राहिलं. बाकीच्या चार केस आधी उरकू, हा शेवटी घेऊ. पण शेवटी घेताना तुमचं ते मंत्रपठण नको हां. साडेपाचला मला जालन्यात पेशंट बसलेत."

"ते मंत्रपठण नाही, ते मिनिट आहे."

"तेच ते!"

दुसरी शस्त्रक्रिया आटोपून डॉ. नीळकंठ हात धूत होते, तोच जयमाला दंड चोळीत आली. "सर, ते जानेफळचं पोरगं हातच दाखवीना. शीर बघायला गेले, तर चावलं मला."

आणखी एक कटकट! असे स्वतःशी म्हणत डॉक्टर जयमालाला घेऊन वॉर्डात गेले. प्रेम खाटेच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसला होता. भाजलेला उजवा हात मांडीवर उघडा होता. धडधाकट डावा मात्र सदऱ्याच्या आत, पोटाशी घट्ट धरलेला.

"कोणता हात दुखतो रे?"

"कोन्ताच नाई."

"मग हा लपवलास का?"

"तुम्हाले द्याचा नाई म्हणून."

"असं बोलतेत काय रे मोठ्या माणसाले!" गोजरबाई डाफरल्या.

"बोलू द्या, आजी. प्रेमराव, काय झालं होतं मागच्या वेळी?"

प्रेमने आधी आजीकडे पाहिले, मग छताकडे. "काई होत नाई, काई होत नाई म्हणत होते, अन् सुईतून आग सोडली. पार खांद्यापावतर. ओरडाचं होतं मले, तं तोंडच हालेना. त्याच्या आंधी बी तसंच." त्याने सदऱ्यातला हात आणखी आत ओढला. "एक हात अनारानं जाळला, दुसरा डाक्टरनं जाळला. तिसरा नाई मले."

डॉ. नीळकंठ खाटेच्या कडेवर बसले. सकाळपासूनचा त्यांचा वैताग एकाएकी निराळ्याच दिशेला वळला. झोप पुरती लागण्याआधी औषध गेले होते. कोठेतरी, कोणीतरी एक मिनिट वाचवले होते आणि ते या मुलाने दोनदा भोगले होते.

"हे बघ," ते म्हणाले, "आज आधी वासाचं औषध. नाकाशी मास्क धरायचा, फुगा फुगवल्यासारखा श्वास घ्यायचा, सोडायचा. सुई तू झोपल्यावर. आणि आग लागणार नाही."

"अन् लागली तं?"

"लागली तर पुढच्या खेपेला येऊ नकोस. मी स्वतः तुझ्या वडिलांना सांगेन, याला आणू नका म्हणून."

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना त्यांचे वजन कळले. दाराशी बसलेल्या निवृत्तीने मान वर केली. अंगठ्याची शस्त्रक्रिया आता त्यांच्या एका वाक्यावर टांगली गेली होती.

प्रेम मात्र हिशेबी निघाला. "पण मी तं झोपेन. मले कसं समजन?"

"झोपेतही दुखलं की हात ओढला जातो. तो मला दिसतो."

"मंग हाललं तं हाललं सांगसान?"

"सांगेन."

"बालाजीची आण?"

डॉक्टर थबकले. त्यांच्या घराण्यात सहजगत्या आण घेण्याची रीत नव्हती. वडील म्हणत, देवाला साक्षीला बोलवावे ते दुसरा कोणी साक्षीदार नसेल तेव्हाच. आणि इथे दुसरा साक्षीदार खरोखरच नव्हता. ज्याचा हात, तोच झोपलेला असणार होता.

"बालाजीची आण," ते म्हणाले.

सदऱ्यातून डावा हात हळूहळू बाहेर आला.

अडीच वाजून गेल्यावर प्रेमला आत घेतले. मास्क त्याने स्वतःच नाकाशी ओढला आणि फुगा फुगवता फुगवता तो झोपला. जयमालाने अलगद सुई लावली. हात तसूभरही हलला नाही. कोपराच्या वर पट्टा आवळला, बधिर करणारे औषध सोडले. दोन्ही हातांनी मास्क सांभाळीत डॉ. नीळकंठ यांनी पहिला श्लोक आरंभला.

डॉ. राजकुमार हात धुऊन, कोपर वर करून, हातमोजे चढवून तयार उभे. पहिला श्लोक संपेपर्यंत त्यांनी एक पाय बदलला, दुसरा संपेपर्यंत दुसरा.

"झोपलाय ना तो?"

हिरवे फडके हलत राहिले.

"बघा, किती शांत झोपलाय. त्याला काय कळतंय हो!"

कपाळाची शीर उठली. तिसऱ्या श्लोकाचा पहिला चरण तरीही निर्विघ्न पार पडला.

"गुरुजी, कितवा अध्याय चाललाय? प्रसाद वाटायच्या वेळेला सांगा."

दिवसभराचे सारे त्या एका वाक्यावर येऊन ठेपले. डॉ. नीळकंठ यांनी मान वर केली आणि डॉ. राजकुमार यांच्याकडे असे रोखून पाहिले, की तोंडातला अर्धा चरण तोंडातच राहिला.  

हिरवे फडके हलायचे थांबले.

जयमालाने आठ वर्षांच्या सवयीने पट्टा सोडला आणि पुढचे औषध सुईतून देऊ लागली.

डॉक्टरांना ते उमगले, तोवर थेंब आत गेले होते. उशीर झाला होता. प्रेमची बोटे किंचित मिटली, मनगट बोटभर वर उचलले गेले आणि पुन्हा चादरीवर पडले. झाले ते एवढेच. सुई जागची हलली नव्हती.

"हळू! अगदी हळू दे!" ते ओरडले.  उरलेले औषध जयमालाने थेंबाथेंबाने दिले. मग मात्र हात निपचित राहिला.

"सर, तुम्ही थांबलात ना," तिचा स्वर रडवेला झाला, "मला वाटलं, झालं मिनिट."

"तुझा दोष नाही. तिसऱ्यातच होतो मी."

"काय झालं एवढं?" डॉ. राजकुमार पुढे सरकले. "हलला? बोटभर! अहो, सुई तशीच आहे. कोणी पाहिलंसुद्धा नाही."

"मी पाहिलं," डॉ. नीळकंठ म्हणाले आणि नळी घालण्यासाठी खाली वाकले. पुढला दीड तास ते कामापुरतेच बोलले. रागवावे कोणावर? ज्याने चेष्टा केली त्याच्यावर, की चेष्टेला बळी पडून ज्याने मिनिट मोडले त्याच्यावर? चोवीस वर्षे लोक आपले मिनिट खातात म्हणून ते चडफडत आले होते. आज ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी खाल्ले होते.

शस्त्रक्रिया मात्र दृष्ट लागावी अशी झाली. दोन्ही बोटे सरळ झाली, नवी कातडी बसली. डॉ. राजकुमार यांनी मलमपट्टी केली तेव्हा त्यांचा सारा ताव उतरला होता. चेष्टेखोर माणूस काम साधले की कोवळा होतो, तसे ते झाले. डॉ. नीळकंठ यांना बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "जयमालानं सांगितलं मला, तुमचं आणि त्या पोराचं काय ठरलंय ते. गुरुजी, हललं नाही म्हणा. एका शब्दाचा तर प्रश्न आहे. माझा अंगठा राहिलाय अजून."

"आण घेतली आहे मी."

"आण? अहो, तुम्ही एमडी आहात!"

"म्हणून काय झालं?"

"म्हणून काय झालं म्हणता! सहा महिन्यांनी तो आला नाही, तर कातडी आणखी आखडेल. मग मी तरी काय करू? तुमच्या एका खऱ्यापायी पोराचा अंगठा जाईल."

 खरे बोलावे, हे शास्त्र डॉ. नीळकंठ यांना पाठ होते. हिताचे बोलावे, हेही पाठ होते. दोन्ही एकदम जमेनात, तेव्हा काय करावे, हे वडिलांनी शिकवले असेल तर ते या क्षणी आठवत नव्हते.

साडेचारच्या सुमारास प्रेम पुरता जागा झाला. गोजरबाई उशाशी, निवृत्ती पायथ्याशी, जयमाला सलाईनपाशी. जालन्याला निघायचे म्हणून गाडीची किल्ली हातात खेळवीत डॉ. राजकुमार दारात उभे होते. प्रेमने भलामोठा पांढरा गुंडाळा झालेल्या उजव्या हाताकडे ढुंकूनही पाहिले नाही. डावा हात त्याने नाकाशी नेला, हुंगला, उलटासुलटा करून पाहिला. मग डॉ. नीळकंठ यांच्याकडे वळला.

"हाललं का?"

दारातली किल्ली वाजायची थांबली.

"हललं," डॉक्टर म्हणाले.

"अगं माय!" गोजरबाईंच्या तोंडून निघाले. निवृत्तीने नजर फरशीवर टेकवली.

"किती?"

डॉक्टरांनी तर्जनीचे टोक अंगठ्याने दाबून दाखवले. "मनगट एवढं उचललं गेलं. आणि परत खाली आलं."

"अन् सुई?"

"ती निसटली नाही. बघ, आहे तिथेच आहे."

प्रेमने सुईवरची चिकटपट्टी बारकाईने न्याहाळली. "काऊन हाललं?"

"औषध मुरायला एक मिनिट थांबावं लागतं. ते पुरं झालं नाही."

"कोनं नाई होऊ देल्लं?"

"मीच. मला राग आला आणि माझं लक्ष उडालं."

"कोनावर राग?"

डॉ. नीळकंठ सलाईनची नळी नीट करू लागले. एवढे सांगण्याची आण त्यांनी घेतलेली नव्हती. परंतु दुपारपासून अपराधी वाटून खाली घातलेली मान जयमालाने वर केली आणि सरळ दाराकडे पाहिले. प्रेमची दृष्टी तिच्या दृष्टीमागोमाग गेली.

"मी आपली थोडी गंमत केली होती," डॉ. राजकुमार चाचरत म्हणाले.

 प्रेम विचार करीत होता, आणि आठ वर्षांचे मूल विचार करू लागले म्हणजे मोठ्यांना किती अवघड होते, ते त्या खोलीत प्रत्येकाला जाणवत होते. 

"हाललं ते सांगतलं तुम्ही," प्रेम अखेर म्हणाला. "मांगच्या डाक्टरनं तं म्हणलं होतं, काई झालंच नाई, तुले सपन पडलं."

"मग?" डॉ. नीळकंठ यांनी विचारले. "पुढच्या खेपेचं काय?"

"येतो मी. पण ते डाक्टर तवा बाहीर उभे राह्यले पायजेत. तुमचं मिनिट होये पावतर."

"मी? ऑपरेशन थिएटरच्या बाहेर?" डॉ. राजकुमार दोन पावले आत आले. "अरे लेका, ऑपरेशन मीच करतो ना!"

"तुमचं काम तं मंग असते."

"असं कुठं असतं काय! सर्जन बाहेर उभा राहतो का कधी? गुरुजी, तुम्ही तरी सांगा याला."



"ऱ्हा ना बाप्पा उभे," गोजरबाई म्हणाल्या. "एक मिनिटच तं आहे. एका मिनिटानं काय होते?"

डॉ. नीळकंठ यांनी जयमालाकडून प्रेमचा केसपेपर मागून घेतला. सहा महिन्यांनंतरच्या दुसऱ्या गुरुवारची तारीख घातली, तिच्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिले : 'भूल पूर्ण होईपर्यंत शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियागृहाबाहेर थांबावे.' मग कागद आणि पेन त्यांनी डॉ. राजकुमार यांच्यापुढे धरले.

डॉ. राजकुमार यांनी घड्याळ पाहिले, कागद पाहिला आणि शेवटी खाटेवरच्या त्या लहानशा न्यायाधीशाकडे पाहिले. तो डावा हात पुढे करून, सही होते की नाही हे पाहण्यासाठी मान उंचावून बसला होता.

"व्हरांड्यात एक खुर्ची तरी ठेवा," असे पुटपुटत त्यांनी सही ठोकली.